पुढचं माहीत असलेली गोष्ट

तर झालं असं. दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी आमच्या टीममधल्या एका मुलाने जेवताना जाहीर केलं की त्याने सात भागांची एक इंग्रजी जादुई मालिका तिसऱ्या भागातच सोडून दिली. का रे, विचारलं. म्हणाला, "यार, सगळं आधीच कळतं. नवा भाग, नवा राक्षस. दोनशे पानं पळापळ, मग म्हातारा गुरू येणार, तलवार सापडणार, राक्षस मरणार. पुढच्या भागात पुन्हा शून्यापासून सुरू. नुसतं कॉपी-पेस्ट."

त्याचं चूक नव्हतं. तोच कोड दोनदा दिसला की नाक मुरडायचं, याचाच आपल्याला पगार मिळतो. मी मान डोलावली, डबा बंद केला आणि रात्रीच्या बसने हिंगोलीला घरी निघालो.

गंमत पुढेच आहे. मी निघालो होतो कशाला, तर दसऱ्याला. हिंगोलीचा दसरा पुण्या-मुंबईकडे फारसा कुणाला माहीत नसतो, पण त्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रामलीला मैदानावर रोज एक-एक प्रसंग होतो आणि शेवटी रावण जळतो. रावण जळणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेल्या वर्षी जळला, त्याच्या आदल्या वर्षीही जळला. तरी मैदानात पाय ठेवायला जागा नसते, आणि शेवट आधीच फुटला म्हणून एकही माणूस रागावत नाही.

बसमध्ये झोप येईना तेव्हा हेच डोक्यात घोळत राहिलं. शेवट माहीत असणं हा गोष्टीचा दोष असेल तर हे मैदान रिकामं असायला हवं. ते रिकामं नाही, म्हणजे आमच्या मित्राला खुपलेली गोष्ट काहीतरी वेगळीच असणार. ती कोणती, हे शोधण्यात पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार गेले. लेख लांबलाय. चहा घेऊन बसा.

वेताळ पुन्हा झाडावर

माझ्या पिढीची अद्भुताशी पहिली ओळख 'चांदोबा'ने करून दिली. मूळ मासिक 'चंदामामा' १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं, मराठी 'चांदोबा' १९५२ पासून. आमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत काकांच्या वेळचे अंक होते. त्यातलं शंकर यांचं ते चित्र आठवत असेल तुम्हाला: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, आजूबाजूला कवट्या, आणि मागे न बघता चालणारा राजा विक्रम.

आता याहून ठरीव गोष्ट दाखवा! राजा झाडावरून प्रेत काढतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. राजा बोलतो, मौन मोडतं, वेताळ परत झाडावर. दर महिन्याला पहिला परिच्छेद तोच आणि शेवटचाही तोच. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये 'कथासरित्सागर' रचला, त्यात या गोष्टी आहेत आणि नावाप्रमाणे त्या पंचवीसच. 'चांदोबा'ने मात्र पंचवीस संपल्यावरही वर्षानुवर्षं राजाला झाडाकडे पाठवलं. अनंत लूप. :)

आणि ही आवड आजची नाही. मराठीत छापखाना आला तेव्हा सुरुवातीला जी रंजनाची पुस्तकं छापली गेली त्यांत हीच आहेत. वैजनाथ पंडितांची 'सिंहासन बत्तिशी' १८१४ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला छापली गेली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळ पंचविशी' आली १८३० साली. बत्तीस पुतळ्या, पंचवीस प्रश्न. म्हणजे भागांचा आकडा पुस्तकाच्या नावातच.

असं का? एक साधं कारण ऐकण्याच्या पद्धतीत आहे. गोष्ट रोज रात्री किंवा दर महिन्याला थोडी थोडी मिळायची. मधला भाग चुकलेला माणूसही आज येऊन बसू शकला पाहिजे, म्हणून प्रत्येक भाग पहिल्यापासून सुरू होतो आणि आपल्यापुरता पुरा होतो.

पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वेताळकथेत चौकट ठरलेली असते, पण आतला प्रश्न ठरलेला नसतो. दोन मित्रांची डोकी कापली गेली, बायकोने घाईत डोकी अदलाबदल करून जोडली, तर तिचा नवरा कोणता? डोक्याचा की धडाचा? या एका प्रश्नावर थॉमस मान या जर्मन लेखकाने १९४० साली छोटी कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून गिरीश कर्नाडांनी 'हयवदन' केलं. राजा बोलणार हे आपल्याला माहीत असतं. काय बोलणार ते माहीत नसतं, आणि तो बोलला तरी आपल्याला पटेलच असं नाही. शेवटच्या कोड्याला तर राजाकडेही उत्तर नसतं. तो गप्प राहतो आणि म्हणूनच लूप तुटतो.

म्हणजे पहिली नोंद: साचा ठरलेला असायला हरकत नाही. साच्याच्या आत काय येऊ दिलंय ते बघायचं.

औंढ्याचं देऊळ

हिंगोलीहून औंढा नागनाथ तासाभराच्या आत येतं. यादवकाळातलं कोरीव देऊळ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलेलं. गाभारा जमिनीखाली, अरुंद पायऱ्यांनी अंग चोरत उतरावं लागतं. आणि नंदी मात्र देवळाच्या मागच्या बाजूला.

नंदी मागे का, याची गोष्ट आमच्या भागात प्रत्येकाला पाठ असते. संत नामदेव महाराज आमच्या जिल्ह्यातल्या नर्सीचे असं परंपरा सांगते. ते औंढ्याला देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं आणि मागे जायला सांगितलं. ते मागे जाऊन गायला लागले तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी राहिला तिथेच.

आज्जी ही गोष्ट सांगायला लागली की मी लहानपणी मध्येच ओरडायचो, "मला माहितंय पुढचं!" आज्जी शांतपणे म्हणायची, "माहितंय तर मग गडबड कशाला करायलास? ऐक की."

पुढे नोकरीनिमित्त कर्नाटकात राहिलो तेव्हा उडुपीला हीच गोष्ट भेटली. कनकदासांना देवळात येऊ दिलं नाही म्हणून कृष्णाची मूर्ती मागे वळली आणि भिंतीला पडलेल्या फटीतून त्यांना दर्शन झालं. तमिळ परंपरेत नंदनार: त्यांना आत येता येत नव्हतं आणि मधला नंदी दर्शन अडवत होता, तर तिरुपुंकूरला शिवाने नंदीलाच बाजूला सरकायला सांगितलं. इकडे औंढ्याशीच जोडलेली विसोबा खेचरांची गोष्ट घ्या. गुरू पिंडीवर पाय ठेवून झोपलेत, शिष्य रागावतो, गुरू म्हणतात, जिथे पिंड नाही तिथे माझे पाय ठेव. अशीच गोष्ट शीख परंपरेत गुरू नानकांच्या मक्केच्या प्रवासात येते. आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग तर गुरू ग्रंथसाहिबात खुद्द नामदेवांच्या नावावरच्या रचनेत आहे. तिथे त्यांच्या ६१ रचना आहेत.

श्रद्धेचा प्रश्न मी इथे काढत नाहीये, तो ज्याचा त्याचा. मी फक्त सांगण्याची पद्धत बघतोय. महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला, त्याचे ५७ अध्याय आहेत. कुठलाही अध्याय उघडा: भक्त अडचणीत, लोक टोचून बोलतात, देव धावतो. भक्त जिंकणार हे ग्रंथाच्या नावातच लिहिलंय. आपल्या मित्राच्या भाषेत, टायटलमध्येच स्पॉयलर.

मग तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगितली गेली? बसमध्ये औंढ्याचा फाटा मागे पडला तेव्हा लक्षात आलं, की या सगळ्या गोष्टींमध्ये एक गोष्ट कधीच होत नाही. देऊळ फिरतं, मूर्ती वळते, नंदी सरकतो. पण दारावर अडवणाऱ्यांनी पद्धत बदलली आणि उद्यापासून दार सगळ्यांना उघडं झालं, असा शेवट कुठेही नाही. दगड हलतो, माणसं हलत नाहीत. मग पुढच्या संताची गोष्ट पुन्हा त्याच दारापासून सुरू करावी लागते. आपल्याकडे बग नीट दुरुस्त न करता तिकीट बंद केलं की ते पुढच्या रिलीजला परत उघडतं ना, तसंच.

आणि हे मी उगाच जोडून सांगत नाही. नामदेवांचा काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा. त्यांच्याच पंढरपुरात, त्यांच्या लाडक्या विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. त्याआधी नाशिकला काळाराम मंदिरासाठी १९३० पासून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. सहाशे वर्षं तेच दार बंद होतं. गोष्ट तीच राहिली, कारण अपमान तोच राहिला.

रिसबूडांचा प्रामाणिकपणा

आता खऱ्या अर्थाने अद्भुत 'कादंबरी'कडे. हा शब्दच बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून आलाय, हे तुम्हाला माहीत असेलच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं (१८५७) नाव घेतात. विषय: हिंदू विधवांचे हाल. म्हणजे सुरुवात अगदी वास्तवातून झाली. पण वाचकांनी उचलून धरलं ते चार वर्षांनी आलेल्या लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाले'ला (१८६१). त्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आणायला सुरुवात केली. मग १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. पुढची काही वर्षं सगळीकडे सुंदर राजकन्या, शूर राजपुत्र, कपटी प्रधान, जंगलातली ताटातूट, योगायोगाने भेट आणि शेवटी लग्न किंवा पुनर्मीलन. खलनायक पहिल्या भेटीतच ओळखू येतो आणि नायिकेच्या केसालाही धक्का लागणार नाही याची खात्री असते.

या कादंबऱ्यांना लोकांनी तेव्हाच नावं ठेवायला सुरुवात केली होती. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' लिहिला, त्यात या कृत्रिमपणावर टीका आहे. म्हणजे आमच्या मित्राची जेवणाच्या टेबलावरची तक्रार मराठीत दीडशे वर्षं जुनी आहे.

पण मला सगळ्यात भावली ती खुद्द रिसबूडांची 'मंजुघोषे'ची प्रस्तावना. लेखक स्वतःच कारण देतो. ते साधारण असं: आपल्याकडे लग्नं लहानपणीच होतात, तीही आईबाप ठरवतात. संसारात पुढे जे घडतं ते सगळं ठरलेलं. तसंच्या तसं लिहिलं तर वाचकाचं मन रमेल असं त्यात काही नाही. म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो.

परत वाचा हे. मराठी अद्भुत कादंबरी ठरीव का, तर लेखकाच्या मते आयुष्यच त्याहून ठरीव आहे म्हणून! पुढचं सगळं आधीच माहीत असलेली गोष्ट म्हणजे खुद्द जगणं. त्या जगण्यातून पळ काढायला जे पुस्तक लिहिलं, तेही शेवटी तितकंच ठरीव निघालं.

आणि खरंच काही घडत नव्हतं का? विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता. 'मंजुघोषा' आली त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७० साली, पुण्यात विधवाविवाहावर शंकराचार्यांपुढे जाहीर वाद झाला आणि सुधारकांवर बहिष्कार पडला. जोतीराव-सावित्रीबाईंची शाळा १८४८ पासूनची. ज्या घरांमध्ये रिसबूडांना सांगण्यासारखं काही दिसलं नाही, त्याच घरांमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुली विधवा होत होत्या. साचा बंद होता तो असा. विमानं, जादू, राक्षस सगळं आत येऊ शकत होतं, शेजारच्या खोलीतली मुलगी येऊ शकत नव्हती.

ती आणली हरि नारायण आपट्यांनी. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली, पुस्तकरूपाने १८९३ साली. गंमत बघा, ती भागाभागांत आली आणि पुढे काय होणार तेही दिसत राहतं. यमूच्या वाट्याला काय येणार हे वाचकाला कळून चुकतं. कुठलाही गुरू तलवार घेऊन येणार नाही हेही कळतं. तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. उलट माहीत आहे म्हणूनच जास्त त्रास होतो. तेव्हा शेवट आधी कळण्याने रस जातो, हे खरं नाही.

अद्भुत त्यामुळे संपलं वगैरे अजिबात नाही. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ साली आली आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी ती चोरून, उशीखाली ठेवून वाचली. शिकारीत झालेल्या अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाने इतक्या घोडदौडी लिहिल्या, हे कळलं तेव्हा मला त्या ठरीव दौडीही वेगळ्या वाटायला लागल्या. असो.

समर्थ येणारच

थोडं स्वतःविषयी. आठवीत असताना मी नारायण धारप (१९२५–२००८) वाचायला लागलो. भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं तेव्हा होती. एका दिवसात परत केलं तर पैसे कमी पडायचे, त्यामुळे वाचायचा वेग तिथेच वाढला. :)

धारपांच्या समर्थकथा म्हणजे ठरीवपणाचा कळस. कुणीतरी साधा माणूस कशाच्या तरी तावडीत सापडतो, आप्पा जोशींपर्यंत बातमी जाते आणि समर्थ येतात. समर्थ आले की निकाल लागला. तरी मी रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटा जात नसे.

यावेळी ट्रंकेतली दोन पुस्तकं पुन्हा वाचली. घाबरलो नाही (वय!), पण एक गोष्ट दिसली. समर्थ येण्याच्या आधीची पानं जास्त चांगली आहेत. बदली झालेला कारकून, स्वस्तात मिळालेलं घर, 'इतकं स्वस्त कसं?' हा प्रश्न गिळून टाकणारी बायको, आजारी मूल. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून धारपांनी 'लुचाई' केली तेव्हाही भूत परदेशातून आलं, पण घर आणि माणसं इथली झाली. साच्यात त्यांनी मध्यमवर्गाची रोजची भीती आत येऊ दिली: भाडं, नोकरी, दुखणं. शेवट समर्थांच्या हातात होता म्हणून मधली भीती बिनधास्त वाढवता आली. आपल्या खऱ्या आयुष्यात घराच्या हप्त्यासाठी समर्थ येत नाहीत, ते सोडा.

छावणीतला व्यापारी

इथवर लेख मी दिवाळीआधीच लिहून ठेवला होता. मग कळलं की हिंगोलीची एक गोष्ट मी वगळून चाललो होतो, आणि सगळा मुद्दा तिच्यात आहे.

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, परभणीतून वेगळा होऊन. त्याआधी फार पूर्वी, निजामाच्या काळात, हिंगोली लष्करी छावणी होती. निजामाच्या सेवेतला एक इंग्रज अधिकारी, फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६), १८३० च्या दशकात तिथे होता. त्याने १८३९ साली लंडनमध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही तीन खंडांची कादंबरी काढली. ती प्रचंड गाजली. टेलरने लिहून ठेवलंय की तरुण व्हिक्टोरिया राणीने छापून होतील तसे फर्मे मागवून घेतले. पुढचा भाग कधी, हा आजार राण्यांनाही होतो.

त्या कादंबरीच्या प्रस्तावनेत आमचं गाव आहे. छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. स्वतः टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. या हरिसिंगाने मुंबईहून कापड आणायचं म्हणून एका इंग्रज कप्तानाकडून रीतसर परवाना घेतला. दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं कापड वाटेवर आहे हे त्याला माहीत होतं. त्याने त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना मारलं, त्याच परवान्यावर माल हिंगोलीला आणला आणि छावणीत उघडपणे विकला. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांवर माणसं मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर एका कोरड्या ओढ्यात पुरली गेली, असं टेलर सांगतो. माफीच्या साक्षीदारांनी एकेक जागा दाखवली, खड्डे उघडले. शेवटी बघणाऱ्यांनाच मळमळायला लागलं आणि त्यांनी पुढचं खोदकाम थांबवलं.

कादंबरीची घडण? पक्की भागाभागांची. अमीर अली हा ठग आपल्या मोहिमा एकामागोमाग एक सांगतो. शकुन बघणं, भवानीचा कौल घेणं, प्रवाशांशी गोड बोलणं, खुणेचा शब्द, रुमाल, खड्डा, वाटणी. पुन्हा शकुन. चौथ्या मोहिमेपर्यंत वाचकाला क्रम पाठ होतो. प्रवासी हसत कहाणी सांगत असतो आणि आपल्याला माहीत असतं की याचा खड्डा आधीच खणून झालाय. इथे पुढचं माहीत असणं हीच भीती आहे. आणि मग टेलर साच्यात काहीतरी टाकतो: या असंख्य प्रवाशांमधली एक बाई अमीर अलीची स्वतःची बहीण होती, हे त्याला मारून झाल्यावर कळतं. आधीच्या सगळ्या भागांचा हिशेब एका भागात चुकता होतो. लूपला स्मरण असलं की काय होतं, ते इथे बघावं.

इथपर्यंत मी खूश होतो. गावाचं नाव जागतिक साहित्यात, अजून काय हवं? पण नंतर या विषयावरचा इतिहास वाचला. राधिका सिंघा (१९९८), किम वॅग्नर (२००७) वगैरे अभ्यासकांनी त्या काळच्या जबान्या तपासल्यात. त्यांच्या लिखाणातून निघणारा मुद्दा थोडक्यात असा: वाटमारी आणि खून खरे होते, प्रेतं खरी होती. पण देशभर पसरलेला, देवीच्या आज्ञेने खून करणारा, पिढीजात एकच पंथ, हे चित्र मोठ्या प्रमाणात माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांमधून आणि ते ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अपेक्षांमधून उभं राहिलं. फाशी टाळायची तर साहेबाला उपयोगी पडणारी गोष्ट सांगायला हवी. आणि साहेबाने ती गोष्ट आधी अनेकदा ऐकलेली असते. शकुन, देवी, रुमाल, खड्डा. सांगणाऱ्यालाही शेवट माहीत, ऐकणाऱ्यालाही.

१८३६ च्या ३० व्या कायद्याने तर अमुक खून केला हे सिद्ध व्हायची गरजच ठेवली नाही. ठगांच्या टोळीत कधी होता एवढं ठरलं की जन्मठेप. दुष्काळ होता का, नोकरी सुटलेला शिपाई होता का, कुठल्या जमीनदाराच्या आश्रयाने हे करत होता, असले प्रश्न त्या साच्याला नको होते. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तोच साचा आख्ख्या समाजांवर बसवला. मूल जन्मलं की गोष्टीचा शेवट ठरलेला. ती नोंद पुसली गेली ३१ ऑगस्ट १९५२ ला. लोकांच्या मनातली अजून पुसलेली नाही. गावात चोरी झाली की पहिला फेरा कुणाच्या पालावर जातो, ते मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा.

आणि मग याच मराठवाड्यातून, लातूरकडून, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आलं १९८७ साली. पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दीडशे वर्षं साहेब, पोलीस आणि कादंबरीकार ज्या साच्यात ही माणसं बसवत होते, त्या साच्यातल्या एकाने स्वतः बोलायला सुरुवात केली. त्यात ना देवी आहे ना शकुनांचं गूढ. भूक आहे, मार आहे, शाळा आहे. पुढच्या पानावर काय होईल ते मला सांगता येत नव्हतं.

परत मैदानावर

दसऱ्याच्या संध्याकाळी पुतण्याला खांद्यावर घेऊन मैदानात उभा होतो. वय वर्षं पाच. तो दर दोन मिनिटांनी विचारत होता, "काका, आता जळणार का?" जळणार हे माहीत होतंच त्याला, प्रश्न फक्त कधीचा होता. जळाला. टाळ्या, धूर, धूळ, भेळ. खाली उतरल्यावर त्याने विचारलं, "पुढच्या वर्षी परत कसा येतो मग?"

मी म्हणालो, नवा बनवतात. त्याचं समाधान झालं. माझं नाही झालं.

सोमवारी ऑफिसात मित्राला म्हटलं, तुझी तक्रार बरोबर आहे, फक्त नाव चुकलंय. शेवट कळतो म्हणून तू ते पुस्तक सोडलं नाहीस. दोनशे पानांच्या पळापळीत लेखकाने काहीच आत येऊ दिलं नव्हतं, ना प्रश्न, ना अपमान, ना भाड्याची चिंता, म्हणून सोडलंस. तो म्हणाला, "बरं, मग चौथा भाग वाचू का नको?"

नको, म्हटलं. 'वेताळ पंचविशी' वाच. डोकं कुणाचं आणि धड कुणाचं ते शुक्रवारी जेवताना ठरवू.